दोन बोटं आखूड

डिसेंबर लागला की वसईत घराघरांवर तारे दिसायला लागतात. आमच्या गॅलरीत उभं राहून मोजले तर पंधरा-वीस सहज भरतात. आता त्यातले बहुतेक दुकानातून आणलेले असतात. प्लास्टिकचे, आत बारक्या दिव्यांची माळ, पाचही टोकं अगदी मापात. दिसतात छान, खोटं कशाला बोलू? पण ते बघताना मला दर वर्षी एक वेगळाच तारा आठवतो. तो मापात नव्हता. त्याची एक काडी दोन बोटं आखूड होती. तो माझ्या मुलाने केला होता आणि मी तो बंबात घालून जाळला होता.

ही गोष्ट सांगायला मी बरीच वर्षं घेतली. कादंबऱ्यांमधून इतरांच्या बापांचे अपराध मी पानंच्या पानं भरून लिहिले. आपला मात्र ‘उचंत खात्या’त टाकून ठेवला. बँकेत ज्या नोंदीचा हिशेब लागत नाही ती तात्पुरती त्या खात्यात जाते. पण तिथलीही नोंद कधी तरी मिटवावी लागते.

साल 1987. बँकेने माझी बदली वसईच्या शाखेत केली होती. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. गावाबाहेर एका वाडीत आम्हाला दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. घरमालक कॅथलिक, घरात सामवेदी बोली बोलणारे. आमच्याशी मात्र ते शुद्ध मराठीत बोलायचे, इतकं शुद्ध की आम्हालाच लाज वाटावी. मागे केळीची बाग, कडेला बांबूचं बेट, पुढे लांबलचक ओटा. कारभार सगळा आजींच्या हाती. सत्तरीच्या पुढच्या, लुगडं नेसणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. वाडीतली सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर असत. त्यांत माझा सहा वर्षांचा मुलगाही कधी मिसळून गेला, ते मला कळलंही नाही.

नाताळच्या आधीचे चार आठवडे म्हणजे त्यांचा आगमनकाळ. त्या दिवसांत ओट्याचा कारखाना व्हायचा. बेटातला बांबू तोडून आजींचा मुलगा त्याच्या कामट्या काढून द्यायचा. आजी कणकेची खळ शिजवायच्या. लाल, हिरवा, पिवळा पतंगाचा कागद बाजारातून यायचा. मग पोरं बसत.

ज्यांनी कधी असा तारा केला नाही त्यांच्यासाठी कृती सांगतो. रविवार आहे, कुणाला हुरूप आला तर आला. सारख्या लांबीच्या पाच कामट्या घ्यायच्या. एकीवरून एक, एकीखालून एक अशा ओवून पाच टोकांची चांदणी करायची आणि प्रत्येक टोक दोऱ्याने घट्ट बांधायचं. अशीच दुसरी करायची. दोन्ही एकमेकींवर ठेवून पाचही टोकं जोडून बांधायची. आता आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे पाच कोपरे तयार झालेले असतात. तिथे चार-चार बोटांच्या पाच काड्या दोन चांदण्यांच्या मध्ये उभ्या बसवायच्या. त्यासरशी तो चपटा सांगाडा पोट फुगवून उभा राहतो. त्या क्षणी मुलांच्या तोंडाकडे बघावं! मग वरून कागद चिकटवायचा. दहा लांब कामट्या, पाच आखूड काड्या. एवढाच जमाखर्च.

आजींची पद्धत अशी, की पहिली गाठ त्या स्वतः मारून दाखवत. एकदा, फार तर दोनदा. मग हात मांडीवर ठेवून बसत. पोरांनी काही विचारलं तर सांगत, नाही तर बघत राहत. ‘छान, छान’ असं त्या कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही. क्वचित एखाद्याला विचारत, ‘‘हा कोपरा वाऱ्याने सुटेल काय रे?’’ तो मुलगा कोपरा हलवून बघे. सुटत असला तर पुन्हा बांधे.

घरातला गोठाही पोरांचाच. पंधरा दिवस आधी थाळ्यांमध्ये नाचणी पेरायची, म्हणजे नाताळपर्यंत हिरवंगार रान तयार. हे पाहून मला फार गंमत वाटली. साताऱ्याला आमच्या वाड्यात आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरायचो ते याचसाठी! किल्ल्यावरचे मावळे आणि गोठ्यातले मेंढपाळ, दोघांच्या पायाखाली एकच कोवळी हिरवळ. आजींच्या गोठ्यात मातीचा एक बैल होता, तो तीन पायांचा. चौथा वाळताना गळून पडला होता. म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवलेला. आणि मेंढपाळांच्या मागे चक्क एसटीची लाल गाडी उभी! मी हसलो तेव्हा ती ठेवणारा मुलगा गंभीरपणे म्हणाला, ‘‘लांबून माणसं येणार बाळाला बघायला. एसटी नको?’’ मी निरुत्तर झालो.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

त्या काळी बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं. मार्चअखेरचं क्लोजिंग सुरू झालं ते 1989 पासून. त्यामुळे बाहेर नाताळ आणि आत आमची खातेवह्यांशी झटापट, असा तो महिना असे. संगणक नव्हते. रात्री नऊ-दहापर्यंत बेरजा चालत. दहा पैशांचा फरक आला तरी कुणी घरी जायचं नाही. यात वेडेपणा नव्हता. दहा पैशांचा फरक म्हणजे दहा पैशांचीच चूक असं नसतं. एका बाजूला हजार रुपयांची चूक आणि दुसऱ्या बाजूला हजाराला दहा पैसे कमी अशी उलटी चूक, दोघी एकमेकींच्या आड लपलेल्या असू शकतात. म्हणून जुळेपर्यंत शोधायचं. माझी नजर त्या महिन्यात अशी घडलेली होती.

तेवीस डिसेंबरच्या रात्री उशिरा घरी आलो. दारात खुर्चीवर मुलाचा तारा ठेवलेला. सकाळी बाबांनी उंचावर टांगायचा, असं ठरवून तो झोपला होता. मी दिव्याखाली धरून पाहिला. एक कामटी आखूड, त्यामुळे एक हात तोकडा, लुळा वाटणारा. लाल कागद एका जागी फाटलेला आणि त्यावर हिरवं ठिगळ. गाठींवर गाठी. मला तो बघवेना. बायको म्हणाली, ‘‘राहू द्या ना, त्याने दोन दिवस खपून केलाय.’’ मी म्हणालो, ‘‘लोक काय म्हणतील? मॅनेजरसाहेबांच्या दारात हे?’’

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. वसईतल्या दीडशे माणसांच्या वस्तीत माझ्या दाराकडे बघून कोण काय म्हणणार होतं, देव जाणे.

मी रात्री एकपर्यंत बसलो. स्टीलची फूटपट्टी घेऊन दहा कामट्या मापून कापल्या. नवा कागद लावला. जुन्या सांगाड्याच्या काड्या पहाटे बंबात गेल्या, त्यावर माझ्या अंघोळीचं पाणी तापलं. सकाळी मुलगा उठून दारात आला. वर बघितलं आणि म्हणाला, ‘‘छान आहे.’’ मग घरात गेला. खुर्चीखाली, दाराच्या मागे, मोरीत बघून आला आणि विचारलं, ‘‘बाबा, पण माझा कुठाय?’’

तो रडला नाही. रडला असता तर मी समजूत काढली असती आणि प्रकरण मिटलं असतं. दुपारी आजी ओट्यावरून माझा तारा बघत म्हणाल्या, ‘‘तारा चांगला झालाय, साहेब. पोराचा दिसत नाही तो.’’ तेवढंच. त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र नातवंडांचे तीन तारे लटकत होते आणि त्यातला सगळ्यात वाकडा ऐन मधोमध होता.

पुढच्या वर्षी ओट्यावर कारखाना सुरू झाला तेव्हा मी मुलाला म्हणालो, ‘‘जा, तूही बस.’’ तो अभ्यासाच्या वहीतून मान वर न करता म्हणाला, ‘‘बाबांना चांगला येतो. बाबाच करतील.’’ त्यानंतर माझ्याबरोबर बसून त्याने हाताने काही केलं नाही. शाळेचे तक्ते, दिवाळीचा कंदील, किल्ला, सगळं ‘बाबांना चांगलं येतं’. तो पुढे उत्तम शिकला, नोकरीत चांगला आहे, आमचं काही बिनसलेलं नाही. पण त्या घरात एक दार बंद झालं, ते मी माझ्या हाताने लावलं, हे मला ठाऊक आहे.

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! असेल. पण तुमच्या आसपास बघा. शाळेचा ‘प्रकल्प’ कोण करतं? रात्री अकरा वाजता थर्मोकोल कापत बसलेली आई करते आणि मूल शेजारी पेंगत असतं. दिवाळीचे किल्ले आता तयार विकत मिळतात; बुरुज, दरवाजे, सगळं जागच्या जागी. पोरांनी फक्त शिवाजी महाराज आणून ठेवायचे. गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा होतात. त्यातले काही गोठे खरोखर थक्क करणारे असतात, धबधबे काय, दिव्यांची उघडझाप काय! मोठ्यांनी हौस जरूर करावी. पण स्पर्धा आली की परीक्षक येतात, परीक्षक आले की मोठी माणसं पुढे सरसावतात, आणि ‘‘हात लावू नकोस, बिघडेल’’ हे वाक्य त्याच्यासाठीच मांडलेल्या गोठ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला ऐकावं लागतं.

खरं तर या सणाच्या गाभ्यातच उणेपण आहे. उतारशाळेत जागा मिळाली नाही म्हणून बाळ गव्हाणीत ठेवावं लागलं, अशी ही कथा. म्हणजे सगळी तजवीज ऐनवेळची, आहे त्यात भागवलेली. इटलीतल्या ग्रेच्चो गावात 1223 साली असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळचा देखावा मांडला तेव्हा त्यात काय होतं? गवताने भरलेली गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव. बस. मी ख्रिस्ती नाही. पण इतकी वर्षं या लोकांमध्ये राहून मला वाटतं, की तीन पायांचा बैल त्या गोठ्यात जितका शोभतो तितका मापातला बैल शोभत नाही.

दुसरी एक गोष्ट तर थेट ताऱ्याचीच. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरावियन पंथाची एक निवासी शाळा होती. तिथे 1830च्या सुमारास मुलांकडून कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेत. कशासाठी? भूमिती शिकवण्यासाठी! तोच तारा पुढे घराघरांत गेला, त्याचा कारखाना निघाला आणि आज तो जगभर विकला जातो. दुकानात टांगलेल्या त्या देखण्या ताऱ्याचा मूळपुरुष म्हणजे शाळकरी पोरांचा गृहपाठ. त्या पहिल्या ताऱ्यांची टोकं सगळी जुळली असतील, असं मला तरी वाटत नाही.

भूमितीचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. कारण ‘वाकडंतिकडं तेच गोड’ असं म्हणायला मी बसलेलो नाही. मुलांच्या प्रत्येक गिरगोट्याला ‘वा, वा’ म्हणणं हाही एक आळसच आहे; मुलांना तो लगेच ओळखू येतो. प्रश्न असा आहे, की चूक दाखवायची कुणी? मारिया माँटेसरींनी बालशिक्षणाची साधनं तयार केली ती अशी, की चूक झाली तर ती साधनच दाखवून देतं. ठोकळा खाचेत बसत नाही, एक उरतो, मनोरा ढळतो. शिक्षकाला बोट दाखवावं लागत नाही. तोच विचार ताराबाई मोदकांनी 1945 साली आमच्या याच किनाऱ्यावर, वर बोर्डीला नेला. महागडी साधनं नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, दगडगोटे घेऊन त्यांनी आणि अनुताई वाघांनी खेड्यातली मुलं शिकवली.

ताऱ्याची कामटी हे तसंच साधन आहे. दोन बोटं आखूड पडली तर तारा एका बाजूला कलतो. मूल ते बघतं. नाताळ संपेपर्यंत रोज येता-जाता बघतं. पुढच्या वर्षी ते कामटी कापण्याआधी दुसरीशेजारी धरून बघेल. म्हणजे फूटपट्टी त्याची त्याला सापडली. पण बापाने रातोरात तारा बदलला तर मूल भूमिती शिकत नाही; बाबांना आपल्यापेक्षा चांगलं येतं एवढंच शिकतं. ते तर त्याला आधीच माहीत होतं.

काही गोष्टी मात्र जुळल्याच पाहिजेत. कागदाच्या ताऱ्यात मेणबत्ती नको म्हणजे नकोच. दिव्याची वायर मोठ्यांनी तपासायची, उघडी तार, सैल होल्डर चालणार नाही, आणि दिवा तापणारा नको. कामट्यांची धार मोठ्यांनी काढायची, सुरी मोठ्यांच्या हातात. गाठ शिकवायची ती आधी, काम सुरू होण्यापूर्वी, आणि घट्ट शिकवायची. एवढं झालं की हात मांडीवर. बँकेच्या बेरजेत जी नजर लागते ती वायरीला लावावी, ठिगळाला लावू नये. दोन्हीकडे एकच नजर लावली ही माझी चूक.

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत नात आली होती. आठ वर्षांची. शेजारच्या बाईंच्या दारातला तारा बघून म्हणाली, ‘‘आजोबा, आपण करू या?’’ निवृत्तीनंतर आम्ही वसईतच घर घेतलं. पण त्या वाडीच्या जागी आता इमारती आहेत आणि आजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बांबू बुरुडाकडून आणला. खळ मी शिजवली. पूर्वी झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद टाकत. तो विषारी, लहान हातांना नको, म्हणून वगळला. पहिली गाठ दाखवली. आणि मग मी माझे हात अक्षरशः मांडीखाली घेऊन बसलो. हसू नका. सवयीने ते पुढे जात होते.

पावणेदोन तास लागले. मधल्या काड्या तीनदा निसटल्या. एकदा ती वैतागून म्हणाली, ‘‘तुम्ही करा!’’ तो खरा कसोटीचा क्षण. मी म्हणालो, ‘‘मी धरतो, तू बांध.’’ तिने नाक फुगवलं, पाणी पिऊन आली आणि बांधलं. तारा टांगला तर तो डावीकडे झुकला. ती बराच वेळ मान वाकडी करून बघत राहिली. मग दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून तिने उजव्या टोकाला लावला. तारा सरळ झाला. आमच्या दारात दहा दिवस चिमटा लावलेला तारा झळकत होता. येणारा प्रत्येक जण चिमट्याबद्दल विचारायचा आणि ती प्रत्येकाला समजावून सांगायची.

तिला न्यायला मुलगा आला. चप्पल काढता काढता त्याने वर बघितलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली. मला म्हणाला, ‘‘बाबा, तुम्ही हात नाही लावलात?’’

मी म्हणालो, ‘‘खळ केली.’’

पुढे काही बोलणं झालं नाही. मी माफी मागायला हवी होती. शब्दांवर पोट भरलेल्या माणसाला ते जमलं नाही. चहा पिऊन झाल्यावर तो पुन्हा दारात गेला आणि तो चिमटा दोन बोटांनी हलवून बघत उभा राहिला.

तारा माळ्यावर ठेवला होता. परवा काढला तर मोरचूद वगळल्याचा परिणाम दिसला. झुरळांनी खळीसकट निम्मा कागद फस्त केलेला. नातीला फोनवर सांगितलं. तिने हुकूम दिला, ‘‘कागद नवा आणा, पण सांगाडा तोच राहू द्या. आणि चिमटा हरवू नका.’’ मागून मुलाचा आवाज आला. तो म्हणत होता, शनिवारी तोही येतोय, बुरुडाकडून दहा कामट्या जास्त आणून ठेवा.

आणून ठेवल्या आहेत. मापून कापलेल्या नाहीत. त्याची एखादी कामटी दोन बोटं आखूड निघाली, तर मी मुकाट्याने दुसरं टोक धरून बसायचं, एवढं स्वतःला बजावून ठेवलं आहे.